जाळीच्या पिशवीतून फिरायला

सशाला बाहेर न्यायला पिशवी घ्यायची असेल तर आधी तिचा तळ दाबून बघावा. तळ मऊ लागला तर ती पिशवी घेऊ नये, मग ती कितीही गोंडस दिसो. पायाखालची जमीन हलली की ससा घाबरतो, आणि घाबरलेला ससा ओरडत नाही, मागचा पाय आपटतो. ठप्. बस, एवढंच. त्यानंतर तो कान पाठीला चिकटवून इतका गप्प बसतो की आत कोणी आहे की नाही ते पिशवी उघडून बघावं लागतं.

हे शहाणपण मला तीन पिशव्या घेतल्यावर आलं. पहिली पाठीवर अडकवायची होती, तिला फुग्यासारखी पारदर्शक खिडकी. जाहिरातीतलं मांजर त्या खिडकीतून चक्क हसत होतं. लालबागच्या उन्हात दहा मिनिटांत ती खिडकी आतून घामेजली आणि सशाचे कान तव्यासारखे तापले. सशाला घाम येत नाही, त्याच्या अंगातली उष्णता कानांवाटे जाते, हे त्या जाहिरातवाल्यांना कोण सांगणार? दुसरी पोटाशी बांधायची झोळी. ती बांधून लिफ्टने उतरत होते तर सोळाव्या मजल्यावरच्या बाई 'अय्या, कधी झालं?' म्हणत पुढे वाकल्या आणि झोळीतून दोन लांब कान वर आलेले बघून दाराला चिकटल्या. तिसरी मात्र चांगली निघाली. तीन बाजूंनी जाळी, कडक तळ, वर सावलीसाठी कापडी झडप, खांद्यावर रुतणार नाही असा रुंद पट्टा, दोन्ही अंगांना कप्पे. एका कप्प्यात नळीची पाण्याची बाटली, दुसऱ्यात कोथिंबीर. तळाशी एका बाजूला बर्फ केलेली छोटी बाटली, जुन्या पंच्यात गुंडाळून, म्हणजे त्याला गरम झालं की तो तिला टेकून बसायचा. सगळी सोय होती.

मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. वय पंचेचाळीस, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आईवडिलांबरोबरच राहत आले. देवावर माझा विश्वास बेताचा आणि भुताखेतांवर अजिबात नाही. फोटोत दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, असा माझा खाक्या. सशाला फिरवायची तर मला कधीच हौस नव्हती. या पिशव्या घ्याव्या लागल्या त्या माझ्या एका लबाडीपायी. ती लबाडी मी माझ्या आईशी केली, बाबांच्या बाराव्याला.

बाबा मार्च महिन्यात गेले. दुपारी जेवून हॉलमध्ये चटईवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्याआधीचे आठ दिवस मी त्यांच्याशी बोलत नव्हते. एका घरात राहून आठ दिवस न बोलणं सोपं नसतं, पण मला जमतं. मी रागीट आहे. राग आला की तोंडाला येईल ते बोलते आणि मग तोंड मिटून बसते, आणि ही दोन्ही कामं मी मन लावून करते.

दहाव्याला दादर चौपाटीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. कावळे होते, चांगले दहा-बारा होते, पण सगळे लांब बसून माना वाकड्या करून बघत होते. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, रीतीभातीच्या बाबतीत आमच्या घराची वकील. तिने एकेकाला पुढे करून वचनं द्यायला लावली. वहिनीला सांभाळू. गावचं घर विकणार नाही. मग मला पुढे ढकललं. मी हात जोडले आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. आई माझ्याकडे बघत होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून ते उरकलं.

घरी आल्यापासून आईने जेवण टाकलं. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आमची आई मालवणकडची. मुंबईत येऊन जन्म गेला, पण दुःखात आणि भांडणात ती मालवणीतच बोलते. 'त्यांचो जीव अडकलो आसा,' एवढंच म्हणायची. दोन चमचे पेज दिवसभरात. रक्तदाबाच्या गोळ्या उशाखाली लपवून ठेवलेल्या मला सापडल्या. मी हॉस्पिटलात नोकरी करते, माणूस जायची तयारी करायला लागला की कसा दिसतो ते मला रोज दिसतं. आई तशी दिसायला लागली होती.

आता ती रीत सांगते. आमच्या घराण्यात बाराव्याच्या रात्री, माणूस जिथे गेला तिथे तांदळाचं पीठ चाळून गुळगुळीत पसरतात. शेजारी पणती ठेवतात आणि पिठावर मोठी टोपली पालथी घालतात. सकाळी सगळ्यांसमोर टोपली उचलायची. पिठावर ज्याचं पाऊल उमटलं असेल त्याच्या जन्माला माणूस गेला. काहीच उमटलं नसेल तर तो कुठेच गेला नाही, घरातच आहे. हे सगळं आमच्या जुन्या चाळीत ठीक होतं. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही एकविसाव्या मजल्यावर आलो, तरी आत्याने त्या चकचकीत टाइल्सवर पीठ चाळलंच. वाऱ्याने उडेल म्हणून मला पंखे बंद करायला लावले.

पहाटे आत्या आंघोळीला गेली. आई कोपऱ्यात झोपलेली होती. मी टोपली उचलून बघितली. पीठ कोरं.

कोरंच असणार हे मला ठाऊक होतं, दुसरं काय असणार? पण आता आत्या म्हणणार, दादा इथेच आहे, सुटला नाही. आणि आई उरलेली पेजही सोडणार. बाजूला पिंजऱ्यात ससा जागा होता. आठ वर्षांपूर्वी हॉस्पिटलातल्या एका बाईंनी दिलेला, राखाडी रंगाचा, आम्ही त्याला कधी नावच ठेवलं नाही. मी त्याला उचललं, त्याचे पुढचे दोन पाय पिठात दाबले आणि टोपली होती तशी ठेवून दिली. ओल्या रुमालाने त्याचे पाय पुसले. एरवी हा ससा नखं कापायला धरला तरी लाथांनी हात ओरबाडतो. त्या पहाटे तो माझ्या हातात मऊ होऊन पडून राहिला. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

सशाच्या तळव्याला मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस. त्यामुळे उमटले ते दोन पुसट खळगे. माझा अंदाज असा की आत्या त्याला वासराचा खूर म्हणेल, भाऊ गाईच्या पोटी गेला म्हणून सुखावेल, आणि विषय मिटेल. झालंही तसंच. टोपली उचलल्यावर आत्या 'वासरू गो, वासरू!' म्हणून रडायलाच लागली. आई कोपऱ्यातून उठून आली. वाकून बघितलं.

'वासराचां नाय,' ती म्हणाली. 'सशाचां.'

मग ती पिंजऱ्यापाशी जाऊन बसली, डोक्यावरून पदर घेतला आणि आतल्या सशाला म्हणाली, 'अहो, च्या घेतलास काय?'

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि हसूही आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी आईने दोन वाट्या भात खाल्ला. सोलकढी मागून घेतली. गोळ्या घेतल्या. मी गप्प बसले. दुपारी सशाच्या बोटांमधल्या केसांत पीठ दिसलं ते धुतलं. चार दिवसांनी पुन्हा दिसलं, पुन्हा धुतलं. दर वेळी मी स्वतःला सांगत होते की नीट धुतलं गेलं नसेल.

आई बरी झाली, हे खरं. पण मी काय करून ठेवलं होतं ते मला आठवड्याभरात कळलं. ससा आठ वर्षांचा होता. आमच्या सशाच्या डॉक्टरांनी त्याचे दात बघून, पोट दाबून स्पष्ट सांगितलं होतं की आता याचं वय झालंय, वर्ष काढलं तर नशीब, उन्हात तर अजिबात नेऊ नका. म्हणजे मी आईला नवरा परत दिला होता तो वर्षभरासाठी. हा ससा गेला की आई दुसऱ्यांदा विधवा होणार होती, आणि या खेपेला माझ्यामुळे. त्याआधी तिला खरं सांगायला हवं होतं. आणि खरं सांगितलं तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करणार होती. मी रोज ठरवायचे, आज सांगू. रोज संध्याकाळी आई पिंजऱ्यासमोर बसून दिवसभराच्या गोष्टी सांगायची, वाण्याने तांदूळ जुना म्हणून नवा दिला, वरच्यांच्या पाइपातून पाणी गळतंय, आणि मला वाटायचं, उद्या.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तुमच्याकडे पाठ करून बसलेला असला तरी त्याला तुम्ही दिसत असता. आठ वर्षं तो घरात होता, पण हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. स्वयंपाकघरात जा, बाल्कनीत जा, तो मान वळवत नसे आणि बघत असे.

मग ते दाराचं सुरू झालं. बाबा रोज संध्याकाळी सहाला फिरायला जायचे आणि साडेसातला परतायचे. कुठे जाता विचारलं तर 'हंयच, पाय मोकळे करूक' एवढंच उत्तर. निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षं हे चाललं होतं आणि आम्ही दोघींनी कधी मागे लागून विचारलं नाही. बाबा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ससा पिंजऱ्यातून बाहेर आला, दाराशी जाऊन बसला आणि पाय आपटला. ठप्. आई म्हणाली, 'सहा वाजले.' मी घड्याळ बघितलं. सहा वाजले होते.

आता सशांचंही घड्याळ असतं. बाबा रोज जाताना त्याला बिस्किटाचा तुकडा देत, माझ्या नकळत, आणि ते मला माहीत होतं. त्याला बिस्किट हवं होतं, इतका साधा मामला. पण आईला कोण समजावणार? 'त्यांका फिराक जावचा आसा,' ती म्हणाली, 'तूच काय ता बघ, पिशवी नायतर गाडी.' म्हणून पिशव्या.

मी दोन अटी घातल्या. फक्त रविवारी, आणि ऊन उतरल्यावर. आईने मान डोलावली. दहाव्यानंतर ती घराबाहेर पडली नव्हती, ती त्या रविवारी इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून दारात उभी. जाळीची पिशवी तिनेच खांद्यावर घेतली. खाली फाटकाशी आलो आणि मी विचारलं, 'डावीकडे की उजवीकडे?'

'ते सांगतील,' आई म्हणाली.

मी डावीकडे वळले. पिशवीतून ठप्. डावीकडे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, ससा दचकला असणार. आई उजवीकडे वळली. पिशवी गप्प. असं करत आम्ही काळाचौकीच्या दिशेने निघालो. प्रत्येक नाक्यावर आई थांबे, एकीकडे दोन पावलं टाकून बघे, पाय आपटला की परत फिरे. लोक बघत होते. दोन बायका, एक खांद्यावरच्या पिशवीला विचारून रस्ता ओलांडणारी आणि दुसरी चिडलेली. मला रस्त्यावरच्या कुत्र्यांची धास्ती होती, सशाच्या वासाने ती पिशवीवर उडी घेतील म्हणून मी हातात छत्री धरली होती. एकही भुंकलं नाही. फुटपाथवर पसरलेली कुत्री आम्ही जवळ आलो की उठत आणि बाजूला होऊन उभी राहत.

दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम आईला मागच्या फाटकाने काढलं. ससा पाय आपटत राहिला, ठप् ठप् ठप्, इतका की त्याला काही होईल अशी मला भीती वाटली. वळसा घालून पुढच्या रस्त्याला लागलो आणि तो थांबला. मी म्हटलं, मागच्या बाजूला टॉवरचं काम चालू आहे, जमीन हादरते, आपल्याला जाणवत नाही, त्याला जाणवते. मीच म्हटलं, मलाच म्हटलं. आईने काही विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी काळाचौकीच्या एका गल्लीत चष्म्याच्या एका दुकानावरून पुढे जाताना सशाने दोनदा पाय आपटला. आई थांबली. पुढे जाऊन बघितलं, ठप्. मागे, ठप्. दुकानासमोर गप्प. मी आईला ओढणारच होते, तेवढ्यात काउंटरमागचा माणूस वाकून पिशवीकडे बघायला लागला.

'ससा आहे का हो?' तो म्हणाला. 'आमच्याकडे एक काका येतात, त्यांच्या घरी पण ससा आहे. उंच आहेत, इथे बसून पेपर वाचतात. बरेच दिवस दिसले नाहीत. चष्मा तयार होऊन पडलाय त्यांचा.'

आईने बाबांचं नाव घेतलं नाही, ती कधीच घेत नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मीच नाव सांगितलं. गेले, असंही सांगितलं. त्या माणसाने हळहळून ड्रॉवर उघडला, पाकीट काढलं, वर बाबांचं नाव होतं.

'तुम्ही त्यांची मुलगी ना?' तो मला म्हणाला. 'तुमचं कौतुक करत होते. म्हणाले, मुलीनेच पाठवलंय. ती हॉस्पिटलात आहे, तिच्या बरोबर लक्षात आलं. म्हणाली, बाबा, डोळे तपासून घ्या.'

मी असं म्हटलं नव्हतं.

ते जाण्याआधी आठ दिवस, संध्याकाळी, बाबांचा पाय सशाच्या पायावर पडला. राखाडी टाइल्स, राखाडी ससा. तो पाय आपटत पिंजऱ्यात पळाला आणि लंगडायला लागला. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि ओरडले, 'डोळे फुटलेत का तुमचे?' बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. ते भिंतीला धरून उभे होते. 'दिसला नाय गो,' म्हणाले. मी म्हटलं, 'दिसत नाही तर बसून राहा एका जागी.' त्यानंतर मी तोंड मिटलं ते मिटलंच. ते दोनदा बोलायला आले, एकदा सशासाठी बाजारातून ओला लसूणघास घेऊन आले, मी तो हातातून घेतला आणि काही बोलले नाही. त्याच आठ दिवसांत कधीतरी ते इथे येऊन बसले होते, डोळे तपासून घेतले होते, आणि मी काय बोलले ते त्यांनी या परक्या माणसाला असं धुऊनपुसून सांगितलं होतं.

मला त्या दुकानात रडू आलं. मी रडणारी बाई नाही. त्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. आईने चष्म्याचं पाकीट घेतलं, पिशवीच्या कप्प्यातली कोथिंबीर काढून माझ्या हातात दिली आणि पाकीट तिथे ठेवलं. 'हंय ऱ्हवांदे,' म्हणाली, 'त्यांका गावात.' म्हणजे त्यांना सापडेल. मला तिचा राग आला. मला बापाचं दुःख करायचं होतं आणि ही सशाला चष्मा देत होती.

चार दिवस मी विचार केला. त्या भागात बाबांची ओळख असणारच, चौदा वर्षं तिकडे फिरत होते. कुठल्याही गल्लीत गेलो असतो तरी कोणीतरी निघालंच असतं. आणि पिशवीत ससा दिसल्याशिवाय त्या माणसाने काही विचारलंही नसतं. असं सगळं पटत होतं. फक्त संध्याकाळी सहा वाजत आले की मी दाराकडे बघत नव्हते.

पुढच्या रविवारी उकाडा भयंकर होता. मी नको म्हटलं. ससा दाराशी बसला होता, आई साडी नेसली होती. मी दोन बर्फाच्या बाटल्या भरल्या, बाबागाडीला अडकवतात तसला बॅटरीचा छोटा पंखा पिशवीच्या पट्ट्याला लावला, वरची झडप ओली केली आणि निघाले. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानापाशी पिशवी गप्प राहिली. दुकान बंदच होतं. आम्ही पुढे घोडपदेवच्या बाजूला उतरलो आणि तिथून रे रोडला, लाकडाच्या वखारींकडे.

रविवारी तिकडे कोणी नसतं. दोन्ही बाजूंना बंद शटरं, फळ्यांच्या थप्प्या, रस्त्यावर लाकडाचा भुसा. पावलांचा आवाज येत नाही. लाकडाच्या वासाने मला आमच्या गावच्या माडीची आठवण झाली, आणि मग वाटलं, बाबा यासाठी येत असतील. एका बंद वखारीला दगडी पायरी होती. पायरीचा एक कोपरा बसून बसून गुळगुळीत झालेला. तिथे ससा पाय आपटत नव्हता, पण आई स्वतःहून थांबली आणि त्या कोपऱ्याशेजारी बसली. कोपरा तिने रिकामा ठेवला. पिशवी माझ्या हातात दिली.

मी जाळीला हात लावला. आत ससा आडवा पसरला होता, बरगड्या भरभर वरखाली होत होत्या, तोंड किंचित उघडं. मी चेन उघडून कानांना पाणी लावलं. कान भाजत होते. दोन्ही बाटल्यांचा बर्फ वितळून गेला होता. मी पाणी लावत राहिले, पंखा तोंडाजवळ धरला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

'आई, ते ठसे मी उठवले होते. पिठावरचे. मी याचे पाय धरून दाबले. हा बाबा नाही गं, ससा आहे, म्हातारा ससा आहे, आणि आपण याला या उकाड्यात फिरवून मारतोय. तू जेवत नव्हतीस म्हणून केलं मी. फसवलं मी तुला.'

मी वर बघायचं टाळलं. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर उठून त्या गाडीरस्त्यावर चालायला लागेल. हळूहळू सशाचा श्वास खाली आला. तो उठून बसला.

'माका ठावक आसा,' आई म्हणाली. 'मी जागीच होतंय.'

'मग?'

'मग काय? तूच त्यांका घेवन इलंस. कोणाच्या तरी हातानच येवचा लागता माणसाक.'

'आई, मी मुद्दाम केलं ते. खोटं खोटं.'

'मुद्दामच करूचा लागता,' आई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, कुकरची शिटी मोजताना असतो तसा. 'माझां काय अडकाक नव्हता त्यांच्याकडे. पन्नास वर्षां बोल बोल बोललंय मी. माझ्यासाठी ते कशाक थांबतीत? तुझां अडकलाहा. मी नुसती पिशवी धरतंय.'

आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली, साडीला लागलेला भुसा झटकला.

'काय सांगूचा ता सांग आता,' ती म्हणाली. 'मी त्या टोकापर्यंत जावन येतंय.' आणि ती निघाली, एकटीच, ताठ, दोन्ही हात मोकळे सोडून. बाबा गेल्यापासून मी तिला असं चालताना पाहिलं नव्हतं. इतके दिवस मी तिला सांभाळून फिरवत होते, असं मला वाटत होतं.

मी पायरीवर बसले. पिशवी मी त्या गुळगुळीत कोपऱ्यावर ठेवली, ते का, ते मला सांगता येणार नाही. ससा माझ्याकडे पाठ करून बसला होता. पंख्याची बॅटरी संपली होती. रस्त्यात कोणी नाही हे मी दोनदा बघून घेतलं.

'बाबा,' मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हटलं. 'बाबा, मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही दोनदा आलात, मी बोलले नाही. तुम्ही त्या माणसाला खरं का नाही सांगितलंत?'

आतून काही आलं नाही. पाय आपटला नाही, कान हलला नाही. आई रस्त्याच्या टोकाला पोचून परत फिरली होती. मी तिला लांबूनच हाताने थांब म्हणून खूण केली. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचं होतं.